रूबेनचे सहा फटके

शनिवारी स्केलबेकच्या मैदानावर आमचा बिलबेरी पहिला आला, तेव्हा अख्ख्या स्टँडमध्ये न ओरडलेली बाई मी एकटीच असेन. घोडा माझ्या पागेतला, त्याला तयार केलं मी, आणि एवढी मोठी शर्यत माझ्या पागेने आजवर कधी जिंकली नव्हती. शेजारी पिकर्सगिलबाई, म्हणजे घोड्याची मालकीण, माझा दंड धरून अक्षरशः नाचत होत्या. नाचता नाचता त्यांची टोपी उडाली आणि पुढच्या माणसाच्या बिअरमध्ये जाऊन पडली. मी मात्र ढिम्म. कारण शेवटच्या अडथळ्यापासून शर्यत संपते त्या खांबापर्यंत मी रूबेनच्या चाबकाचे फटके मोजत होते, आणि ते अकरा भरले होते.

सात चालतात. सातच्या पुढे गेलं की जॉकीवर बंदी येते. आणि चार जास्त झाले की घोडाच बाद. जिंकलेली शर्यत काढून घेतात आणि दुसऱ्या नंबरवाल्याला देऊन टाकतात. बरं, हे तिथल्या तिथे होत नाही. समिती मंगळवारी बसते, शर्यतीचं चित्रण पुढे-मागे करून बघते, मग निकाल देते. तोवर कप आपल्या घरात आणि झोप मात्र उडालेली.

तरीही अकरा झाले ते झाले, असं म्हणून मी गप्प बसले असते. शेवटच्या टप्प्यात रक्त तापलेलं असतं, भल्याभल्यांच्या हातून होतं. पण शर्यत संपल्यावर पंचांनी रूबेनला आत बोलावलं आणि विचारलं, "चाबूक किती वेळा वापरलास?"

हा दिवटा छाती पुढे काढून म्हणाला, "सहा, साहेब."

"नीट आठवून सांग."

"सहाच. मोजलेत मी."

झालं! जास्त मारल्याची शिक्षा काही आठवड्यांची असते. पंचांशी खोटं बोलल्याची शिक्षा म्हणजे वर्ष-दीड वर्ष घरी बसा. कोवळ्या जॉकीला एवढा काळ घरी बसवलं की तो पुन्हा खोगिरावर दिसत नाही. खोटारड्याच्या हातात घोडा देणार कोण? मी तर नक्कीच देणार नाही. आमचा सगळा धंदा शब्दावर चालतो. सकाळी घोडा फिरवून आणला की जॉकीच सांगतो, पाय कसा पडतोय, दम लागतोय का. त्याने तिथे थाप मारली तर मी लंगडा घोडा शर्यतीत उतरवीन आणि कुणाची तरी मान मोडेल.

घोड्याची लॉरी मीच चालवते. परतताना रूबेन शेजारच्या सीटवर, बिलबेरी मागे. गावाबाहेर पडेपर्यंत मी कसंबसं तोंड आवरलं.

"किती मारलेस?"

"सहा."

"मी अकरा मोजले."

"मग तुमचं चुकलं असेल, बाई."

माझा पाय ब्रेकवर असा पडला की मागे बिलबेरीने रागाने खूर आपटला.

"माझं चुकलं? अरे, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी शर्यती बघतेय!"

"तेव्हापासून बघताय म्हणून तर डोळे दमले असतील."

"जीभ आवर! नाहीतर इथेच उतरवीन आणि जाशील मेंढ्यांच्या मागून चालत घरी."

तो खिडकीबाहेर बघत बसला. रूबेन ऑल्डरसन वरच्या डोंगरातला, मेंढपाळाचा मुलगा. ती सगळी माणसं आडमुठी. एकदा मान वाकडी केली की केली. पण घोड्यावर याचा हात इतका हलका, की बावरलेली घोडीसुद्धा याच्याखाली शांत व्हायची. चाबकाबद्दल आजवर त्याच्यावर एकही तक्रार नव्हती. म्हणून तर मला जास्त राग येत होता. मला तो पोरगा आवडायचा, आणि आवडत्या माणसाने तोंडावर खोटं बोललं की डोक्यात तिडीक जाते.

रविवारी माझ्या स्वयंपाकघरात सगळे जमलो. पिकर्सगिलबाई आल्या, आणि त्यांनी क्रॅबट्री नावाचा वकील आणला. मी चहा केला, केक आणि चीज मांडलं. कोणी हात लावला नाही, वकील सोडून. पिकर्सगिलबाईंनी शर्यतीचा कप मांडीवर धरला होता. त्यांचा नवरा अर्नेस्ट खाटिक होता. आयुष्यभर दुकानातून मिळालेलं साठवून त्याने हा घोडा शिंगरू असताना घेतला, आणि गेल्या हिवाळ्यात अर्नेस्ट वारला. बाई कपावरून सारखा अंगठा फिरवत होत्या.

मी चित्रण लावलं. शेवटचा अडथळा. बिलबेरी आणि दुसरा आलेला राखाडी घोडा बरोबरीने उडी मारतात. मग रूबेनचा हात वर-खाली, वर-खाली. मी मोठ्याने मोजलं. वकिलाने मोजलं. पिकर्सगिलबाईंनी डोळे मिटून घेतले. अकरा.

"आता बोल," मी म्हणाले.

रूबेन पडद्याकडे असा बघत होता, जणू तिथे दुसराच कोणी घोड्यावर बसलाय. "दिसतात खरे अकरा," तो म्हणाला.

"दिसतात म्हणजे? आहेत!"

"असतील. पण मी सहा मोजले."

क्रॅबट्रीने बोटांवरचे केकचे कण झटकले. "हे बघ पोरा, एवढं अवघड नाहीये. समितीपुढे म्हणायचं, शर्यतीच्या भरात मोजायचं राहून गेलं, पंचांपुढे घाबरून काहीतरी आकडा बोललो. तिथेही माणसंच बसतात. खोटेपणाचा आरोप गळून पडेल, मग आपण शर्यतीचं बघू."

"पण माझं मोजायचं राहिलं नव्हतं."

"अरे, म्हणायला काय जातं तुझं?"

"ते खोटं होईल ना, साहेब."

वकिलाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. खोटं बोलणार नाही म्हणून खोट्याला चिकटून बसलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"रूबेन," पिकर्सगिलबाई हळूच म्हणाल्या, "माझ्यासाठी म्हण रे. अर्नेस्टसाठी म्हण."

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या बाईंना तो फार मानायचा. "बाई, तुमच्यासाठी मी काहीही करीन. पण मी मोजलं नाही असं कसं म्हणू? प्रत्येक फटका मोजलाय. मला अजून ऐकू येतंय, मी कसा मोजत होतो ते."

आता मात्र माझा संयम सुटला. मी टेबलावर हात आपटला, कप खणखणले. "मंगळवारी समितीपुढे खरं बोलायचं. नाही बोललास, तर बुधवारी तुझं सामान माझ्या फाटकाबाहेर असेल. समजलं?"

"मी खरंच बोलणार आहे," तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. दारसुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

सोमवारी सकाळी घोड्यांचं आवरलं आणि मी जीप काढली. म्हटलं, पोरगा माझं ऐकत नाही, बापाचं तरी ऐकेल. अमोस ऑल्डरसन आणि मी एकाच शाळेत होतो. तो तेव्हाही कोणाचं ऐकायचा नाही, पण त्याच्या घरात त्याचं ऐकतात अशी माझी समजूत होती.

वर पोचले तर दोघे बापलेक कामात. डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणल्या होत्या आणि दगडी भिंतीतल्या अरुंद फाटकातून त्यांना वाड्यात सोडत होते. कुत्री मागून रेटत होती. फाटकाच्या या खांबाशी अमोस, त्या खांबाशी रूबेन, आणि मधून मेंढ्या एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत सुटलेल्या. अमोसने मला बघितलं, पण मान हलवली नाही. मेंढ्या मोजणाऱ्या माणसाशी बोलायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. वारा असा की डोळ्यांतून पाणी.

दोघांचे ओठ हलत होते. यॅन, टॅन, टेदर, मेदर, पिप. आमच्या डोंगरातले मेंढ्यांचे जुने आकडे. पैसे कोणी त्यात मोजत नाही, बटाटे मोजत नाही, फक्त मेंढ्या. पोरं शाळेतल्या एक-दोन-तीनच्या आधी हे शिकतात. वीस झाले की अमोस एक खडा या खिशातून त्या खिशात टाकायचा आणि पुन्हा यॅनपासून सुरू.

नुसतं उभं राहणं मला जमत नाही. मीही आपली गंमत म्हणून मोजू लागले, आपल्या साध्या आकड्यांत. शेवटची मेंढी एकटीच मागे राहिली होती, कुत्रीने तिला हुसकलं तशी ती धडपडत आत गेली. रूबेनने फाटक लावलं.

"त्रेचाळीस," अमोस म्हणाला.

"माझेही त्रेचाळीस," रूबेन म्हणाला. "शेवटची एकटी."

मी हसलेच. "अरे, तुमचं दोघांचंही मोजणं एकाच माळेतलं दिसतंय! माझ्या पंच्याऐंशी भरल्या."

"मग बरोबर आहे की," अमोस म्हणाला. "पंच्याऐंशीच आहेत."

"त्रेचाळीस म्हणालास ना आत्ता?"

अमोसने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी नुकतीच शहरातून उतरले आहे. "अगं एनिड, मेंढ्या काय एकेक मोजतात होय? त्या थांबतात का तुझ्यासाठी? जोडीने मोजायच्या. दोन गेल्या की यॅन, अजून दोन गेल्या की टॅन. शेवटी दुप्पट करायची. शेवटची एकटी आली तर तिलाही एक आकडा द्यायचा आणि मागाहून एक वजा. एवढ्या वर्षांत कळलं नाही तुला?"

मला कसं कळणार? मी घोड्यांची बाई. घोडे एकेक मोजतात.

पण तो बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढे शनिवारचं चित्रण चालू झालं होतं. सट-सट, हात लगामावर, थोडी वाट. पुन्हा सट-सट, हात लगामावर, थोडी वाट. रूबेन चाबूक नेहमी तसाच वापरायचा. पाच वेळा सट-सट. आणि अगदी खांबापाशी एक एकटाच, कारण दुसरा मारायच्या आत शर्यत संपली होती.

"रूबेन," मी म्हणाले. "इकडे ये."

"बाई, वडिलांना काही सांगायचं असेल तर सांगा, माझं ठरलंय."

"इकडे ये म्हणते ना! बस या गाडीवर."

भिंतीपाशी अमोसची चारचाकी मोटारसायकल उभी होती, डोंगरात फिरायची. रूबेन तिच्यावर बसला, आपल्याला वेड्यात काढताहेत असा चेहरा करून. मेंढ्या हाकायला त्याच्या हातात पाण्याच्या निळ्या पाइपचा तुकडा होताच.

"शेवटचा अडथळा ओलांडलास. राखाडी घोडा बरोबरीला आलाय. खांब दिसतोय. चल, पळव. आणि मनात मोजतोस तसं आता मोठ्याने मोज."

"बाई, खरंच, मला कामं—"

"पळव!"

माझा तो आवाज ऐकला की घोडे पळतात, जॉकी पळतात. रूबेन पुढे वाकला. हँडल लगामासारखं धरलं. पाय आखडले. आणि एका क्षणात तो खरोखरच स्केलबेकला पोचला, ते त्याच्या खांद्यांवरून कळलं. पाइप सीटच्या कडेवर पडला. सट-सट.

"यॅन."

हात पुढे, वाट. सट-सट.

"टॅन."

अमोसने टोपी काढली. मी त्याच्याकडे न बघताच हात वर करून त्याला गप्प केलं. सट-सट, टेदर. सट-सट, मेदर. सट-सट, पिप. सहाव्यासाठी हात वर गेला, पाइप एकदाच पडला, आणि रूबेन म्हणाला, "एझर." म्हणजे सहा.

तो तसाच वाकून बसला होता. मग त्याने मान वळवून हातातल्या पाइपकडे बघितलं. नंतर सीटकडे. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसत होता.

"अकरा," तो म्हणाला.

"हो."

"मी त्याला अकरा मारले."

"हो रे."

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला होता. पोरगा खोटारडा नव्हता! मला तिथे चिखलात उड्या माराव्याशा वाटत होत्या. आणि तो समोर बसून पाइप असा धरून होता, जणू तो तापलेला आहे आणि सोडताही येत नाही. मग मला माझ्याच आनंदाची लाज वाटली.

"यापूर्वी कधी पकडला कसा गेला नाहीस?" मी जरा मऊ आवाजात विचारलं.

"तीनच्या पुढे जायची वेळच आली नाही. छोट्या शर्यती, बाई. तीनमध्ये एकतर जिंकलेलो असतो, नाहीतर हरलेलो." तीन जोड्या, म्हणजे सहा. नियमाच्या आत. म्हणून कोणाला पत्ता लागला नाही, त्याला स्वतःलाही नाही.

अमोस टोपी हातात चुरगाळत होता. "तुला शाळेत घातलं होतं की रे मी. तिथे काय शिकवलं तुला?"

"शाळेत मेंढ्या नव्हत्या, बाबा. घोडेही नव्हते."

कोणी हसलं नाही. अमोसने येऊन त्याच्या हातातला पाइप काढून घेतला आणि भिंतीपलीकडे फेकला.

क्रॅबट्रीला मी फोन केला तर तो आनंदाने ओरडलाच. "उत्तम! हेतूच नव्हता! आता खोटेपणाचा आरोप तर जाईलच, शर्यतही वाचवू. माझा अशील प्रामाणिकपणे नियम पाळत होता, असंच मांडतो." मी पिकर्सगिलबाईंना कळवलं. त्या फोनवर रडल्या. कप राहील, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं, नाही कशाला म्हणू?

मंगळवारी माझ्या पागेच्या ऑफिसात आम्ही चौघं संगणकापुढे बसलो. पडद्यावर समितीचे तिघे. मधोमध अध्यक्ष, फेनविकबाई, करड्या केसांची, न हसणारी. तिच्या डावीकडे एक जुना जॉकी, नाक दोनदा मोडलेलं. रूबेनने टाय घातला होता आणि तो त्याला गळफासासारखा झाला होता.

क्रॅबट्री घसा खाकरून सुरू झाला. डोंगरातली परंपरा, पूर्वजांचे आकडे, निष्पाप चूक. छान बोलत होता. "तेव्हा माझं समितीला असं सांगणं आहे की जॉकीच्या मनात जी संख्या होती तीच ग्राह्य धरावी, आणि शर्यतीचा निकाल—"

"नाही," रूबेन म्हणाला.

वकील थांबला. पिकर्सगिलबाईंचा हात माझ्या हातावर आला.

"साहेब, माफ करा, पण ते मी नाही म्हणणार," रूबेन म्हणाला. मग पडद्याकडे वळला. "बाई, मी सहा म्हणालो ते खोटं नव्हतं. माझं मोजणं तसंच आहे, मला कालपर्यंत माहीत नव्हतं. तेवढं फक्त मान्य करा, मला खोटारडा म्हणू नका. बाकी माझी काही मागणी नाही. सहा माझ्या डोक्यात होते. घोड्याच्या अंगावर अकराच पडले. त्याला काय ठाऊक आम्ही घरी मेंढ्या कशा मोजतो?"

क्रॅबट्रीने हातातले कागद मिटवले.

फेनविकबाई विरघळली नाही. "मिस्टर ऑल्डरसन, ही गोष्ट फार सोयीची आहे. शनिवारी तुमच्याजवळ काहीच खुलासा नव्हता. सोमवारी सापडतो आणि मंगळवारी आमच्यापुढे येतो."

"सोयीची?" मी उठलेच. "सोयीचं हवं असतं तर तो परवाच 'मोजायचं विसरलो' म्हणून सुटला असता! याच ऑफिसच्या मागे, माझ्याच स्वयंपाकघरात, त्याच्यापुढे ताटात वाढून ठेवलं होतं ते, आणि त्याने—"

"राइस्ट्रिकबाई, तुम्हाला विचारलं की बोला."

मी बसले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण बसले. क्रॅबट्री माझ्याकडे बघून ओठ चावत होता, कारण विसरलो म्हणायचा सल्ला त्याचाच होता.

मग तो मोडक्या नाकाचा जॉकी पहिल्यांदाच बोलला. "समोरून घेतलेलं चित्रण आहे ना? शेवटचा टप्पा. त्याचं तोंड दाखवा जरा. घोडा नको, त्याचं तोंड."

त्यांनी ते मोठं करून लावलं. चिखलाने माखलेला चेहरा, चष्मा, दात. आणि ओठ. सट-सट झालं की ओठ हलत. पुन्हा सट-सट, पुन्हा ओठ. चौथ्या जोडीला ओठ मिटून उघडले. पाचव्याला तर दोनदा मिटले. जॉकीने पडद्याजवळ तोंड नेऊन विचारलं, "पाचाला काय म्हणता तुम्ही?"

"पिप," रूबेन म्हणाला.

तो म्हातारा स्वतःशीच हळू बोलला, "पिप." त्याचेही ओठ दोनदा मिटले. तो मागे रेलून बसला. "सहा वेळा तोंड हललंय, अध्यक्षबाई. पोरगा मोजत होता."

त्यांनी आवाज बंद केला आणि बराच वेळ आपसात बोलले. आम्हाला फक्त हलणारी तोंडं दिसत होती. रूबेन मांडीवर मुठी आवळून बसला होता. पिकर्सगिलबाई त्याच्याकडे बघत होत्या, पडद्याकडे नाही.

निकाल फेनविकबाईने वाचला. पंचांची दिशाभूल केल्याचा आरोप रद्द. जॉकीने त्या वेळी जे खरं मानलं तेच सांगितलं, असं तिने सरळ शब्दांत म्हटलं. मात्र अकरा फटके पडले, तेव्हा घोडा बाद, शर्यत राखाडीची. मोठी शर्यत म्हणून बंदीही मोठी, वसंतापर्यंत रूबेनला घोड्यावर बसता येणार नव्हतं. आणि परत येण्याआधी त्याने शर्यतीच्या शाळेत जाऊन लाकडी घोड्यावर मोजायला शिकायचं.

"मान्य आहे," रूबेन म्हणाला. कोणी विचारलंही नव्हतं.

"अपील करता येईल!" क्रॅबट्री पडदा काळा होताच म्हणाला. "इतकी चांगली बाजू आहे आपली—"

"गप्प बसा हो जरा," पिकर्सगिलबाई म्हणाल्या. त्या उठल्या, कोट घातला, बटणं लावायला त्यांना वेळ लागला. मग रूबेनसमोर येऊन उभ्या राहिल्या. तो उठून उभा राहिला, मान खाली. "अर्नेस्ट असता तर आज त्याने तुला कानाला धरून दुकानाबाहेर काढलं असतं. आणि संध्याकाळी परत बोलावून सॉसेज बांधून दिले असते. मला कान धरायला जमत नाही. कप मीच नेऊन देते त्यांना, पॉलिश करून. वसंतात माझ्या घोड्यावर तूच बसायचंस."

एवढं बोलून त्या गेल्या. मी त्यांच्यामागे गाडीपर्यंत गेले, आणि तिथे आम्ही दोघी जरा रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांचा नवरा गेला, त्याची शर्यत गेली. पण त्यांनी कोणाला बोल लावला नाही.

परत येऊन बघते तर ऑफिसात रूबेन नव्हता. टाय खुर्चीवर पडलेला. मला तो बिलबेरीच्या खोलीत सापडला. घोड्याच्या मानेत तोंड खुपसून उभा होता आणि खांदे हलत होते. बिलबेरी आपला शांतपणे गवत चघळत होता.

"अरे वेड्या, आता कशाला रडतोस?" मी म्हणाले. "नाव साफ झालं तुझं. मालकीण तुझ्या बाजूने आहे. मीही तुला हाकलत नाही. आणखी काय हवं?"

त्याने तोंड बाहेर काढलं नाही. "बाई, शनिवारी रात्रीपासून काल सकाळपर्यंत मी याच्याशी बोलत होतो."

"काय बोलत होतास?"

"म्हणत होतो, लोक काहीही म्हणतात, तू लक्ष देऊ नकोस. मी तुला सहाच मारलेत. याच्या कानात सांगत होतो, पुन्हा पुन्हा. आणि हा ऐकून घेत होता."

मी पुढे होऊन त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला, आणि घोडा चघळायचा थांबून आम्हा दोघांकडे बघत राहिला.